काटा बरोबर ठेवा : शर्यती भरवणाऱ्यांना एका मापाड्याचं खुलं पत्र

प्रति,
मराठवाड्यात धावण्याच्या शर्यती भरवणारी सगळी मंडळं आणि रनर्स ग्रुप

सप्रेम नमस्कार.

पत्र लिहिण्यास कारण की, गेल्या हिवाळ्यात आपल्या आठ जिल्ह्यांपैकी एका जिल्ह्याच्या गावी बारा तासांची शर्यत झाली. तिथे माझ्या बायकोला तिने न धावलेले दोन किलोमीटर देण्यात आले आहेत. ते परत घ्यावेत, ही विनंती. गावाचं आणि आयोजकांचं नाव लिहीत नाही. त्यांची नियत चांगली होती, पोरं रात्रभर जागली, चहाही चांगला होता. शिवाय तिथे जे झालं ते उद्या तुमच्यापैकी कुणाकडेही होऊ शकतं, म्हणून पत्र सगळ्यांना.

माझी ओळख थोडक्यात. लातूरच्या आडत बाजारात सत्तावीस वर्षं मापाडी आहे. सोयाबीन, तूर, हरभरा. माल काट्यावर येतो, मी आकडा वाचतो, ओरडून सांगतो, वहीत मांडतो. शेतकरी, आडत्या, खरेदीदार, तिघांचेही डोळे माझ्या तोंडाकडे. आमच्यात पहिलं माप मोजताना 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, असं पुढे. पायलीने धान्य मोजायच्या काळातली ही रीत. आता इलेक्ट्रॉनिक काटे आले, तरी पहिल्या कट्ट्याला, म्हणजे पोत्याला, माझ्या तोंडून 'लाभ'च निघतं. हे लक्षात असू द्या, पुढे त्यावरून गोंधळ झाला.

बायको अंगणवाडी सेविका. वय सत्तेचाळीस. चार वर्षांपूर्वी शुगर निघाली, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. ती चालता चालता पळायला लागली आणि थांबायचं विसरली. आमच्या घरात ती पळते, मी मोजतो. यावर नातेवाइकांचे सगळे विनोद करून झालेत. एखादा नवीन असेल तर कळवा.

ज्यांना ही शर्यत ठाऊक नाही त्यांच्यासाठी चार शब्द. नेहमीच्या शर्यतीत अंतर ठरलेलं असतं, वेळ ज्याची त्याची. इथे उलटं आहे. सहा तास, बारा तास, चोवीस तास, काही ठिकाणी तर अठ्ठेचाळीस तास नाहीतर सहा दिवस, अशी वेळ ठरलेली, आणि भोंगा वाजेपर्यंत त्याच छोट्या वळशावर फिरत राहायचं. वळसा म्हणजे मैदानावरचा ४०० मीटरचा ट्रॅक किंवा किलोमीटर-दीड किलोमीटरचा बंद रस्ता. मध्ये थांबा, बसा, जेवा, झोपा, कुणी काही म्हणत नाही, फक्त घड्याळ थांबत नाही. शेवटी ज्याच्या नावावर जास्त अंतर, तो पहिला. दोन माणसं खांद्याला खांदा लावून चाललेली दिसतात आणि त्यातला एक दहा फेऱ्या पुढे असतो. बघणाऱ्याला त्यातलं काही कळत नाही. कळतं ते वहीतून.

आमच्या बाजारात गंमत बघायला आलेल्या माणसालाही लिलावच दिसतो. शेतकऱ्याच्या हिशोबाची पट्टी कशावर बनते ते त्याला दिसत नाही.

मुलाने मला मोबाईलवर जगातले आकडे दाखवले. ग्रीसचा यानिस कुरोस १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडला चोवीस तासांत ३०३.५०६ किलोमीटर पळाला. तो उच्चांक चोवीस वर्षं टिकला. २०२१ मध्ये लिथुआनियाच्या अलेक्सांद्र सोरोकिनने तो मोडला आणि पुढच्याच वर्षी इटलीतल्या व्हेरोनात स्वतःचा आकडा ३१९.६१४ वर नेला. मुलगा 'तीनशे एकोणीस, तीनशे एकोणीस' करत होता. माझी नजर पॉइंटच्या पुढे गेली. सहाशे चौदा. एक दिवस आणि एक रात्र माणूस पळाला, आणि त्यानंतर कुणीतरी वाकून त्याचे शेवटचे चौदा मीटरसुद्धा मोजले. बायकांचं तर आणखी बघण्यासारखं आहे. २०१९ मध्ये फ्रान्समधल्या आल्बीला अमेरिकेची कॅमिल हेरन २७०.११६ किलोमीटर पळाली. २०२३ च्या डिसेंबरात तैपेईला जपानची मिहो नाकाता २७०.३६३ पळाली. चोवीस तासांच्या मेहनतीनंतर जागतिक उच्चांक मोडला तो दोनशे सत्तेचाळीस मीटरनी. आपल्या पद्धतीने मोजलं असतं तर उच्चांक झाला की नाही हे मंडळाच्या अध्यक्षांना विचारावं लागलं असतं.

आणि हे खूळ आजचं नाही. १८७८ साली लंडनच्या इस्लिंग्टन भागात ॲग्रिकल्चरल हॉलमध्ये सहा दिवस गोल गोल चालायची शर्यत झाली. डॅन ओ'लिअरी ५२० मैल चालून जिंकला. तो हॉल मुळात गुराढोरांच्या प्रदर्शनासाठी बांधलेला, हे वाचून मला फार बरं वाटलं. त्या शर्यतींवर लोक पैसे लावायचे, त्यामुळे फेरी मोजणाऱ्याच्या मानेवर नजर असायची. पैसा असला की मोजणी आपोआप सुधारते, हे आमच्या बाजारातलंही सत्य.

आता त्या रात्रीकडे येतो.

संध्याकाळी सहा ते सकाळी सहा. एका मोठ्या बागेभोवतीचा रस्ता, 'एक किलोमीटरचा लूप' म्हणून जाहीर केलेला. बुटाला चिप, सुरुवातीच्या जागी जमिनीवर मॅट, शेजारी स्क्रीन. धावणारा मॅटवरून गेला की टुक वाजायचं आणि स्क्रीनवर त्याची फेरी वाढायची. मी खुर्ची टाकून मॅटच्या बाजूला बसलो, मांडीवर वही. तिचा बिब नंबर, म्हणजे छातीवर लावलेला क्रमांक, ३१. आयोजकांतला एक मुलगा म्हणाला, "काका, सगळं मशीनवर आहे, तुम्ही झोपा." मी म्हटलं, "बाळा, मी काट्यावर कधी झोपलो नाही."

रात्री एक वाजून अडतीस मिनिटांनी लाईट गेली.

जनरेटर होता. त्यात डिझेल नव्हतं. डिझेल आणायला गेलेल्याला पंप बंद मिळाला. दोन वाजून नऊ मिनिटांनी लाईट आली. एकतीस मिनिटं. त्या अंधारात शर्यत थांबली नाही, थांबवायची कुणाला सुचली नाही आणि सुचायलाही नको होती. मोबाईलच्या उजेडात माणसं पळत राहिली. मॅट मुकी झाली होती. माझ्या वहीत तिच्या पुढे तीन वेळा आहेत: १.४३, १.५३, २.०४. पहिल्या ओळीपेक्षा तिसरीचं अक्षर वाकडं आहे, कारण तेव्हा बॅटरी तोंडात धरली होती.

सकाळी स्क्रीनवर तिच्या फेऱ्या ७६. माझ्या वहीत ७९. तिच्याच नव्हे, अंधारात पळालेल्या सगळ्यांच्याच कमी. गलका झाला. मी वही पुढे केली. आयोजकांच्या पोराने पान उघडलं, बोट ठेवलं आणि विचारलं, "काका, ही लाभ कोण? लाभ नावाचं कुणी आपल्या यादीत नाही." मग त्याने 'लाभ' सोडून पुढे मोजायला सुरुवात केली आणि ७८ काढले. त्याला लाभ समजवण्यात पाच मिनिटं गेली. तेवढ्यात बायको आली. तिला म्हणाला, "काकू, तुम्ही टेन्शन घेऊ नका, पाच फेऱ्या वाढवून टाकतो." ती म्हणाली, "पाच कशाला? तीन गेल्यात, तीन लाव."

इथपर्यंत सगळं समजण्यासारखं आहे. पुढे आयोजकांची बैठक झाली, बागेच्या फाटकापाशी, उभ्याउभ्याच. आणि निर्णय झाला: सगळ्यांना सरसकट तीन फेऱ्या.

सरसकट! आपल्या मराठवाड्यात हा शब्द दुधात साखर घातल्यासारखा वापरतात. गारपीट झाली, सरसकट. अतिवृष्टी झाली, सरसकट. नुकसानभरपाईला तो ठीक असेल, तिथे पंचनाम्याला माणूस पुरत नाही. पण इथे पन्नासही धावपटू नव्हते. माझ्या शेजारी एका मास्तरांची मुलगी बसली होती, तिने वडिलांच्या वेळा मोबाईलमध्ये टिपल्या होत्या. त्या एकतीस मिनिटांत मास्तरांच्या चार फेऱ्या. मिळाल्या तीन. मास्तर काही बोलले नाहीत, बॅग उचलून बस स्टँडकडे गेले. आणि एक कॉलेजचा पोरगा दीड ते अडीच आमच्या मागच्या ताडपत्रीवर घोरत होता, मी स्वतः त्याच्या अंगावर शाल टाकली होती. त्यालाही तीन मिळाल्या. तो बिचारा डोळे चोळत माझ्याकडे आला, "काका, मी तर झोपलेलो." मी म्हटलं, तुला झोपेत तीन किलोमीटर पावले, कुणाला सांगू नकोस.

आमच्या घरचं यात काहीच गेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. तिला तीन हव्या होत्या, तीन मिळाल्या. म्हणूनच मला हे लिहिता येतंय. नुकसान झालेला माणूस बोलला की लोक म्हणतात, हरला म्हणून रडतोय.

पण खरी भानगड अजून पुढेच आहे. घरी निघायच्या आधी मी मेव्हण्याला घेऊन तो रस्ता मोजला. पिशवीत तीस मीटरची टेप असतेच, सवय आहे. आतल्या कडेपासून एक वीत अंतर सोडून, कारण धावणारा माणूस कडेला चिकटूनच पळतो आणि सगळ्यात जवळची वाट हीच शर्यतीची वाट धरतात. बत्तीस टेप भरल्या आणि वर आठ मीटर. ९६८. किलोमीटरला बत्तीस मीटर कमी. आयोजकांना फोन करून विचारलं, लूप कसा मोजला होता? म्हणाले, बाईकच्या मीटरवर. आणि एकाच्या घड्याळात पण बघितला होता.

बाईकचा मीटर शंभर मीटरपेक्षा बारीक अंतर सांगत नाही. घड्याळाचं जीपीएस आकाशातून ठिपके टाकतं आणि ते जोडतं. छोट्या गोल रस्त्यावर, झाडाखाली, ते कधी वळण कापतं, कधी फुगवतं. एकाच फेरीत दोघांच्या हातातली घड्याळं दोन आकडे दाखवतात हे तुम्हीही पाहिलं असेल.

बत्तीस मीटर म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. ७९ फेऱ्यांना गुणा. अडीच किलोमीटर होतात. म्हणजे तिच्या ७९ फेऱ्यांचे किलोमीटर भरले साडेशहात्तरच्या आत. आता गंमत बघा. मशीनने सांगितलेला ७६ चा आकडा फेऱ्यांसाठी चुकीचा आणि किलोमीटरसाठी जवळपास बरोबर! एवढी वर्षं बाजारात काढली, पण दोन खोट्यांनी मिळून एक खरं झाल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं.

आमच्या बाजारात क्विंटलमागे 'कडता' कापायची वाईट पद्धत होती. माल घाण आहे, ओला आहे, काहीतरी कारण काढून किलोभर सोडायचं. शेतकरी हातावर हात ठेवून बघत राहायचा. तुमचा लूप कमी भरला की कडता धावणाऱ्याला लागत नाही, हे खरं, उलट त्याला फुकटचं माप मिळतं. पण मग परभणीच्या ट्रॅकवर खरोखर त्र्याहत्तर पळलेली बाई तुमच्या पंच्याहत्तरवालीपुढे कमी दिसते. तिला लागतो तो कडताच.

रस्ता मोजायची जगात एक साधी रीत आहे. सायकलच्या पुढच्या चाकाला एक छोटा आकडेमोडीचा डबा लावतात, त्याला जोन्स काउंटर म्हणतात. आधी स्टीलच्या टेपने मोजलेल्या सरळ तुकड्यावर सायकल चार वेळा चालवून, इतक्या अंतराला इतके आकडे पडतात हे ठरवतात. मग शर्यतीचा रस्ता चालवतात आणि पुन्हा त्या सरळ तुकड्यावर येऊन तपासतात, कारण ऊन चढलं की टायर फुगतो आणि हिशोब हलतो. आणि शेवटी हजार मीटरला एक मीटर वर धरतात, म्हणजे पुन्हा कुणी मोजलं तर रस्ता कमी भरायला नको. हे वाचून मी खुर्चीतून उठलो. झुकतं माप! आमचे जुने मापाडी पायली भरताना वर शीग ठेवायचे ती हीच.

हे सगळं तुमच्याकडे लगेच होणार नाही, मान्य. मग ४०० मीटरच्या तयार ट्रॅकवर घ्या. तो आतल्या कडेपासून तीस सेंटिमीटरवर मोजलेला असतो, तुम्हाला फक्त आखणी बघायची. दुसऱ्या लेनमधून कुणाला फिरवू नका एवढंच, तिथे फेरीला सात मीटर जास्त पडतात. विश्वास नसेल तर पहाटे मैदानावर येणाऱ्या पोलीस भरतीच्या पोरांना विचारा. त्यांचे सोळाशे मीटर म्हणजे चार फेऱ्या, आणि बाहेरच्या लेनमधून पळालं की सेकंद कसे जातात हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

मोजणीला माणसं हवीत तीही तिथेच आहेत. भरतीची पोरं बसवा. पण बसवायची रीत सांगतो. एका माणसाकडे आठ-दहापेक्षा जास्त धावपटू नकोत. तीन तासांनी माणूस बदला, रात्री दोन ते पाचमध्ये तर दोन तासांनी, कारण त्या वेळेला धावणाऱ्याआधी मोजणारा पेंगतो. आणि नुसत्या उभ्या रेघा मारू नका. चार उभ्या, पाचवी आडवी, हे कट्टे मोजायला ठीक आहे, कट्टा पळून जात नाही. इथे प्रत्येक फेरीपुढे घड्याळाची वेळ लिहा. रेघ चुकली तर सापडत नाही, वेळ चुकली तर ओरडते. दर नऊ-दहा मिनिटांनी येणाऱ्या बाईच्या नावापुढे एकदम एकोणीस मिनिटांची फट दिसली, तर एकतर ती जेवायला बसली होती, नाहीतर तुमची एक फेरी सुटली. लगेच विचारता येतं. सकाळी सहा वाजता कुणाला काय आठवणार?

धावणाऱ्यानेही जाताना आपला नंबर ओरडायचा आणि मोजणाऱ्याने हात वर करून 'लिहिला' म्हणायचं. आमच्याकडे आकडा मोठ्याने सांगतात तो काही हौस म्हणून नाही. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात ३१०० मैलांची शर्यत होते, १९९७ पासून. एका शाळेभोवतीचा ८८३ मीटरचा फुटपाथ, बावन्न दिवसांची मुदत, ५६४९ फेऱ्या. तिथेही टेबलावर माणसं बसून फेऱ्या मांडतात. बावन्न दिवस माणूस माणसाला मोजतो आणि आपल्याला बारा तास जड जातात.

आपल्या देशात हे जमत नाही असंही नाही. २०२२ च्या जुलैत बंगळूरच्या कांतीरवा स्टेडियमवर आशिया-ओशनियाची चोवीस तासांची स्पर्धा झाली, आणि भारतीय पुरुषांचा संघ पहिला आला. लातूरहून बंगळूर काही चंद्रावर नाही.

आणखी दोन गोष्टी, त्या रात्री राहून गेलेल्या. एक म्हणजे दिशा. दर तीन-चार तासांनी फिरण्याची दिशा उलटी करतात, कारण एकाच बाजूला वळत राहिलं की एका पायावरच सगळा ताण येतो. आपल्याकडे बारा तास डावीकडेच वळवलं. नऊ दिवस तिचा डावा गुडघा बाहेरच्या बाजूने ठणकत होता, अंगणवाडीत पोरांसोबत खाली बसता येईना, स्टुलावर बसून तिने बडबडगीतं घेतली. दुसरी गोष्ट शेवटच्या अर्ध्या फेरीची. भोंगा वाजला तेव्हा ती बागेच्या मागच्या बाजूला होती. नीट भरवलेल्या शर्यतीत प्रत्येकाच्या हातात शेवटच्या फेरीला नंबर घातलेली वाळूची पुडी देतात. भोंगा वाजला की जिथे असाल तिथे ती ठेवायची, मागून अंतर मोजायचं चाक घेऊन माणूस येतो. आपल्याकडे अर्धी फेरी मोडीत काढली. ती मात्र जागेवर उभी राहिली, पायातली चप्पल... नाही, बूट काढून तिथे ठेवला आणि एक पाय मोज्यावर चालत आली. मी नंतर टेप लावली. ५८७ मीटर.

तुम्ही म्हणाल, एवढा कीस काढायचा तर बाईने साधी मॅरेथॉन पळावी. ती नाही पळणार, कारण रस्ता. आमच्याकडे नोव्हेंबर ते मार्च रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, एकामागे एक दोन, मागे लाल दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही. पहाटे पाचला त्या रस्त्यावर बाईमाणूस काय, मीसुद्धा मोटरसायकल घालत नाही. बंदिस्त वळशावर ती रात्री दोन वाजता एकटी पळू शकते, आणि दर दहा मिनिटांनी नवऱ्याला दिसते. तिच्यासारख्या बायकांना रात्र मोकळी मिळते ती इथेच. म्हणून ही शर्यत बंद करा असं मी कुठेही म्हटलेलं नाही, उलट प्रत्येक तालुक्याला एक हवी. लोक घाण्याचा बैल म्हणून हसतात. हसू द्या. हेच लोक श्रावणात देवळाला एकशे आठ प्रदक्षिणा घालतात, आणि त्या चुकू नयेत म्हणून मुठीत शेंगदाणे धरून एकेक टाकतात.

पाण्याचाही फायदा आहे. वळशावर पाण्याचं एकच टेबल पुरतं. २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तिथल्या माणसाला रस्त्यावर अर्ध्या पिऊन फेकलेल्या बाटल्या बघवत नाहीत. स्टीलचे ग्लास ठेवा, जो तो आपला घेऊन फिरेल. मात्र नुसतं पाणीच ठेवू नका. तासन्‌तास घाम गाळत नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं धरतं, मळमळतं, माणूस भलतंच बोलायला लागतो आणि लोक त्याला अजून पाणी पाजतात. मीठ घातलेलं ताक, लिंबू-मीठ-साखर, उकडलेला बटाटा, दहीभात, गूळ-शेंगदाणे. तिला धपाट्याचे तुकडे चालतात, पण पहाटे चारनंतर तेही गिळत नाहीत, तेव्हा फक्त ताक. आणि औषधाच्या टेबलावर आयबुप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्या चॉकलेटसारख्या वाटू नका. शरीर सुकलेलं असताना त्या मूत्रपिंडाला मारतात. टेबलावर डॉक्टर बसवा, डॉक्टरांचा भाचा नको.

एप्रिल-मे तर विसराच. डिसेंबर घ्या.

डिसेंबर यासाठीही की तोवर सोयाबीनची मोठी आवक ओसरते आणि नवीन तूर यायला वेळ असतो, म्हणजे मी मोकळा. तुमच्यापैकी जे कुणी वळशाची शर्यत भरवतील त्यांच्याकडे मी आणि आमच्या बाजारातले आणखी तिघं मापाडी मोजणीला येऊ. तोलाई घेणार नाही, जेवण आणि चहा द्या. आमच्या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का असतो, दरवर्षी तपासणी होते, त्यामुळे तपासून घ्यायची आम्हाला लाज नाही. वह्या शर्यतीनंतर तिथेच टेबलावर ठेवू, कुणीही उघडून बघावं. पहिल्या फेरीला 'एक' लिहू, लाभ मनात म्हणू. जनरेटरचं डिझेल मात्र तुम्ही आदल्या दिवशी आणायचं, आणि आम्हाला दाखवायचं.

आता शेवटी ते दोन किलोमीटर. तिला मिळालेल्या प्रमाणपत्रावर ७९ किलोमीटर छापलं आहे. ७९ फेऱ्या, प्रत्येकी ९६८ मीटर, होतात ७६ किलोमीटर ४७२. त्यात बुटापर्यंतचे ५८७. एकूण ७७ किलोमीटर ५९ मीटर. प्रमाणपत्र महिनाभर कपाटात उताणं पडून होतं. लेकीने फ्रेम करायची म्हटलं तर आई म्हणाली, "आधी बरोबर करून आणा." ज्यांचं आहे त्यांना ते पोस्टाने वेगळं पाठवलं आहे, सोबत परतीचं तिकीट लावलेलं पाकीट आहे. त्यावर ७७ लिहून सही-शिक्क्यानिशी परत पाठवावं. वरचे ५९ मीटर आम्ही सोडून दिले. तो रस्ता मी दोनदा मोजला तेव्हा फेरीमागे अर्ध्या मीटरचा फरक आला होता, ७९ फेऱ्यांत तो चाळीस मीटरवर जातो. माझ्या टेपचा तेवढ्यावर भरवसा नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
बिब नंबर ३१ चा मापाडी
आडत बाजार, लातूर

ता. क. – मास्तरांचा पत्ता कुणाकडे असेल तर त्यांची चौथी फेरीही लावून द्यावी. वेळा त्यांच्या मुलीच्या मोबाईलमध्ये आहेत.